पाकिटातल्या नट्या: एकोणिसाव्या शतकातलं सिगारेट कार्ड ओळखायचं कसं

बोटाएवढ्या लांबीचं तपकिरी फोटोकार्ड हातात आलं की नजर आधी खालच्या नावावर जाते. मिस अमुक, मादाम तमुक. ते नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. या कार्डांवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा असं काही असेल तर ते नावच. कागद, चिकटवण्याची पद्धत, अक्षरं कशी उमटली आहेत, ब्रँड कुठला, ही माहिती आधी काढली तर नाव तपासायला काहीतरी आधार मिळतो. उलट क्रमानं गेलात तर लिली लँगट्री या गाजलेल्या नटीचं ‘दुर्मिळ कार्ड’ म्हणून भलत्याच बाईचा फोटो गळ्यात पडतो.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत साधारण १८८५ ते १८९५ या काळात सिगारेटच्या पाकिटातून वाटल्या गेलेल्या नट्यांच्या फोटोकार्डांबद्दल आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना ती फ्ली मार्केटात सहज दिसतात. इकडे बसून घ्यायची तर ऑनलाइन लिलाव. मुंबईच्या चोरबाजारात सिगारेट कार्डं मिळतात, पण ती बहुधा विसाव्या शतकातली, रंगीत छपाईची असतात. त्यांचं गणित वेगळं, म्हणून इथे त्यांना हात लावत नाही.

थोडा इतिहास, कारण तो पुढे कामाला येतो

१८८० च्या आधी सिगारेट हातानं वळली जायची. सराईत कामगार मिनिटाला चारेक वळायचा. व्हर्जिनियातल्या जेम्स बॉनसॅकनं यंत्र बनवलं, त्याला १८८१ मध्ये पेटंट मिळालं. हे यंत्र नीट चाललं तर मिनिटाला सुमारे दोनशे, म्हणजे दहा तासांच्या दिवसाला १,२०,००० सिगारेटी. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावच्या जेम्स ब्युकॅनन ड्यूकनं १८८४ मध्ये ते आपल्या कारखान्यात बसवलं, आणि मग एवढा माल खपवायचा कुणाला हा प्रश्न उभा राहिला. पाकीट कागदाचं आणि मऊ. आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला की सिगारेटी चेपत नाहीत. तुकडा घालायचाच आहे तर तो कोरा का ठेवायचा?

त्या तुकड्यावर नट्या आल्या, कारण त्यांचे फोटो बाजारात आधीपासूनच विकले जात होते. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरवर नेपोलियन सॅरोनीचा स्टुडिओ होता. होसे मारिया मोरा आणि बेंजामिन फॉक हेही त्याच धंद्यातले. नाटकाला जाणारा माणूस नटीचा फोटो विकत घेऊन घरच्या अल्बममध्ये लावत असे. सिगारेटवाल्यांनी तोच शौक फुकटात पुरवला. शिवाय १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डन थिएटरात तंग पायमोजे घातलेल्या नर्तकींचा मोठा देखावा झाला आणि १८६८ मध्ये लिडिया थॉम्प्सनची मंडळी इंग्लंडहून आली. तेव्हापासून बर्लेस्क नावाच्या विनोदी, भडक नाट्यप्रकारात बायका पुरुषवेषात, पाय दिसतील अशा पोशाखात उभ्या राहायच्या. कार्डांवर असे पोशाख खूप दिसतात. ते पाहून ‘ही सर्कसवाली असणार’ असं धरून चालू नका.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. ऑस्कर वाइल्डचा सॅरोनीनं काढलेला फोटो एका लिथोग्राफ कंपनीनं परवानगी न घेता छापला, ८५,००० प्रती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८४ मध्ये निकाल लागला की फोटो हीसुद्धा कॉपीराइटला पात्र निर्मिती आहे. हक्क फोटोग्राफरचा मान्य झाला. फोटोतल्या माणसाचं त्यात काहीच नव्हतं. पुढे १८९० मध्ये मॅरियन मॅनोला या गायिका-नटीनं, तंग पोशाखातला आपला फोटो रंगमंचावर चालू प्रयोगात चोरून काढला म्हणून कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. खासगीपणाच्या हक्काची चर्चा अमेरिकेत ज्या काळात सुरू झाली तो हाच काळ. कार्डांवर नावं चुकीची का, काही कार्डांवर नावच का नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. बाईला विचारायची कायद्यानं गरजच नव्हती, मग नाव बरोबर आहे का हे कोण बघतो!

घरातूनही विरोध होताच. ड्यूकचे वडील वॉशिंग्टन ड्यूक धार्मिक वृत्तीचे. १८९४ मध्ये त्यांनी मुलाला पत्र लिहून असली चित्रं वाटणं बंद कर, तरुणांवर वाईट परिणाम होतो, असं बजावलं होतं. सिगारेटबद्दल म्हाताऱ्याची तक्रार नव्हती, हे मात्र लक्षात घ्या.

(त्याच सुमारास इकडे किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा रंगवत होते. मराठी संगीत रंगभूमीवर बाईची कामं पुरुषच करत. तेव्हा या कार्डांची मराठी जोड शोधू नका, मिळणार नाही.)

पहिली पायरी: पट्टी लावा

फोटोला हात लावण्याआधी मोजमाप घ्या, मिलिमीटरमध्ये. पाकिटातलं कार्ड साधारण ३५ ते ३८ मिमी रुंद आणि ६३ ते ७० मिमी उंच असतं. त्याहून बरंच मोठं असेल तर ते बहुधा पाकिटातलं नाहीच. कार्त द व्हिझिट या प्रकारचं कार्ड साधारण ६३ × १०० मिमी, आणि कॅबिनेट कार्ड १०८ × १६५ मिमी. हे दोन्ही प्रकार स्टुडिओत विकले जात आणि त्यांच्यावर नट्यांचेच फोटो असत. म्हणून ऑनलाइन विक्रेते ते सर्रास ‘टोबॅको कार्ड’ म्हणून टाकतात. विक्रेत्यानं माप दिलं नसेल तर मागा. देत नसेल तर सोडून द्या.

मापापेक्षा लहान निघालं तर कडा कापल्या असण्याची शक्यता धरा. चारही कडा सारख्या जुन्या, सारख्या मळक्या दिसायला हव्यात. एकच कड पांढरी, धारदार असेल तर कुणीतरी कात्री चालवली आहे.

दुसरी पायरी: भिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. ट्यूबलाइटखाली नको. दिवसा खिडकीशी बसा आणि कार्ड असं धरा की उजेड तिरका पडेल.

आधी गालावर नजर टाका. सावलीतून उजेडाकडे जाणारी छटा सलग आहे का? सलग असेल तर तो फोटो आहे. ठिपके दिसले तर छपाई. ठिपके ओळीत, जाळीसारखे असतील तर हाफटोन, म्हणजे एक तर नंतरचं कार्ड किंवा आजकालची नक्कल. ठिपके हातानं टिंबं दिल्यासारखे, कमी-जास्त आकाराचे आणि रंगीत असतील तर दगडावरची रंगीत छपाई, क्रोमोलिथोग्राफ. तीही त्याच काळातली असू शकते, त्याच कंपन्यांनी ती भरपूर काढली, फक्त तो फोटो नव्हे. निळे, गुलाबी, पिवळे बारीक शिंतोडे दिसले तर घरच्या प्रिंटरवरचं काम आहे, विषय संपला.

फोटो आहे असं ठरलं की कुठल्या प्रकारचा ते पाहा. १८८० च्या दशकातली बहुतेक अमेरिकन फोटोकार्डं अल्ब्युमेन कागदावरची आहेत. या कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असतो, आणि चांदीचे क्षार त्या थरात असतात. कागद निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा, चित्र आपोआप उमटतं. अंडी किती लागत? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्यानं १८८८ मध्ये १८,६७४ रीम असा कागद तयार केला. ४८० तावांच्या एका रीमला २७ डझन अंडी. एकूण साठ लाखांच्या वर.

अल्ब्युमेनची ओळख अशी. चमक असते, पण काचेसारखी नाही, पिकलेल्या चिंचोक्यासारखी मंद. थर पातळ असल्यामुळे भिंगाखाली कागदाचे धागे चित्रातून आरपार दिसतात. गडद भाग तपकिरी किंवा जांभळट, आणि जे पांढरं असायला हवं ते पिवळं पडलेलं. पृष्ठभागावर केसाहून बारीक चिरा. कडेकडेनं चित्र फिकं झालेलं असतं, कारण हवा आणि ओल तिथूनच शिरते. धागे अजिबात दिसत नसतील, कागदाखाली एकसारखा गुळगुळीत पांढरा थर जाणवत असेल, तर तो जिलेटिनचा कागद आहे आणि कार्ड १८९० च्या अलीकडचं असण्याची शक्यता वाढते. सावल्यांच्या भागात तिरक्या उजेडात निळसर आरशासारखी झाक दिसली तर जिलेटिनची खात्री जवळजवळ पक्की.

अल्ब्युमेन कागद फार पातळ, एकटा ठेवला तर सुरळी होते. म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. कार्डाच्या जाडीकडे भिंगातून बघा, दोन थर दिसले पाहिजेत. एखादा कोपरा किंचित उचकटलेला असेल तर उत्तमच, थर उघडाच दिसतो. नखानं उचकटून बघू नका म्हणजे झालं.

आता अक्षरं. बऱ्याच कार्डांवर नाव आणि ब्रँड शाईनं छापलेला नसतो, तो फोटोचाच भाग असतो. स्टुडिओतले फोटो एका मोठ्या फळ्यावर ओळीत लावायचे, प्रत्येकाखाली नावाची पट्टी, आणि त्या सगळ्याचा एकत्र फोटो घ्यायचा. त्या निगेटिव्हवरून मोठे ताव छापून कापायचे. त्यामुळे भिंगाखाली अक्षरांचा रंग आणि चेहऱ्यावरच्या सावलीचा रंग एकच असतो, आणि कागदाचे तेच धागे अक्षरांमधूनही जातात. माझ्याकडच्या स्वीट कॅपोरल या सिगारेट ब्रँडच्या एका कार्डावर नावातलं शेवटचं अक्षर चौकटीच्या रेषेवर चढलंय. भिंगाखाली पाहिलं तर रेष आणि अक्षर एकाच थरात, एकाच तपकिरी रंगात विरघळलेलं, कुठेही शाईची कड नाही. त्याच कार्डावर नटीच्या बाहीवरची लेस नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसते, भिंगाखाली मात्र पिठूळ होते. फोटोचा फोटो घेतला की बारकावे असेच हरवतात. अस्सल कार्डावर हा पिठूळपणा असायचाच. अक्षरं काळ्याभोर शाईची, फोटो तपकिरी, असं असेल तर ते लगेच खोटं ठरत नाही, काही मालिकांमध्ये पुठ्ठ्यावर छपाई असते. पण मग ती अक्षरं फोटोच्या कागदावर आहेत की पुठ्ठ्यावर, ते बघा. फोटोवरच काळी शाई असेल तर कुणीतरी साध्या फोटोला नंतर ब्रँड चिकटवला असण्याची शंका घ्या.

शेवटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. नोटा तपासायला मिळतो तो स्वस्तातला चालतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालतात, ती या उजेडात निळसर पांढरी पेटतात. एकोणिसाव्या शतकातला पुठ्ठा मंद, पिवळट राहतो. दोन सेकंद पुरे. या उजेडात कार्ड घेऊन बसून राहायचं नाही.

थेंबभर पाणी टाकून थर ओळखायची एक जुनी युक्ती सांगितली जाते. कृपा करून करू नका.

तिसरी पायरी: कंपनी आणि ब्रँड

फोटोकार्डांच्या दुनियेत पाच अमेरिकन कंपन्या लक्षात ठेवल्या की बरंचसं काम होतं. डरहॅमची डब्ल्यू. ड्यूक सन्स, तिचे ड्यूक, क्रॉस कट, कॅमिओ हे ब्रँड. न्यूयॉर्कची किनी, तिचा स्वीट कॅपोरल. न्यूयॉर्कचीच गुडविन, तिचे ओल्ड जज आणि जिप्सी क्वीन. रिचमंडची अ‍ॅलन अँड गिंटर, तिचे व्हर्जिनिया ब्राइट्स आणि रिचमंड स्ट्रेट कट. आणि रॉचेस्टरची किम्बॉल, तिचा व्हॅनिटी फेअर.

१८९० मध्ये या पाचही कंपन्या एकत्र होऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, अध्यक्ष अर्थातच ड्यूक. त्यामुळे कार्डावर कुठेही अमेरिकन टोबॅको कंपनीचं नाव दिसलं तर ते १८९० किंवा त्यानंतरचं. हे नाव नाही म्हणजे कार्ड आधीचंच, असं उलटं मात्र धरता येत नाही, कारण जुने ब्रँड चालूच राहिले. एकत्र आल्यावर आपसातली स्पर्धा संपली आणि कार्डांवर पैसे घालायचं कारणही उरलं नाही. म्हणून बहुतेक माल १८९० च्या आगेमागे थोड्याच वर्षांतला सापडतो.

कार्ड ब्रिटिश असेल तर वेगळं. लिव्हरपूलच्या ऑग्डेन्स कंपनीनं गिनी गोल्ड या ब्रँडबरोबर १८९४ पासून हजारो खरी फोटोकार्डं वाटली. त्यांत नट्या भरपूर आहेत. १९०१ मध्ये अमेरिकन कंपनीनं ऑग्डेन्सच विकत घेतली, आणि तिला तोंड द्यायला ब्रिटिश कंपन्यांनी इंपीरियल टोबॅको उभी केली. ब्रिस्टलच्या विल्सच्या कार्डावर इंपीरियलचं नाव असेल तर ते १९०१ नंतरचं.

मागची बाजू कोरी असेल तर नाउमेद होऊ नका. या फोटोकार्डांची मागची बाजू कोरी असणं नेहमीचंच आहे.

चौथी पायरी: एन क्रमांक

या छंदातली सगळी भाषा एका माणसानं घडवली, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस गावच्या जेफरसन बर्डिकनं. संधिवातानं बोटं आखडलेला हा माणूस एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात कार्डांना क्रमांक द्यायचा. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एन, विसाव्यातल्यांना टी. त्याची सूची पहिल्यांदा १९३९ मध्ये निघाली. तीन लाखांहून जास्त चीजा त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, वर्षानुवर्षं तिथे जाऊन स्वतः अल्बममध्ये चिकटवल्या. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये तो गेला.

नट्यांसाठी तीन क्रमांक पाठ करा: एन ४५ म्हणजे अ‍ॅलन अँड गिंटर, एन १४५ म्हणजे ड्यूक, एन २४५ म्हणजे किनीचा स्वीट कॅपोरल. शंभराच्या फरकानं येतात, लक्षात राहायला सोपे. प्रत्येक क्रमांकाखाली उपप्रकार असतात. ते ब्रँड, चौकट, अक्षरांचा आकार आणि नाव कुठे आहे यावरून पडतात. ते पाठ करत बसू नका, चित्रांशी जुळवून काढा.

जुळवायला घरबसल्या तीन ठिकाणं आहेत. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बर्डिक संग्रह दिसतो, आणि हक्कमुक्त चित्रं मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात जॉर्ज अ‍ॅरेंट्स यांनी जमवलेली सिगारेट कार्डं आहेत. डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठानं ड्यूक कंपनीच्या जाहिरातींचा संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. विद्यापीठाला ते नाव तंबाखूवाल्या घराण्यावरूनच पडलं. शोधताना नटीचं नाव टाकू नका. कंपनी आणि एन क्रमांक टाका, मग पानं चाळा. कंटाळवाणं काम आहे, पण चौकट आणि अक्षरांची सवय डोळ्याला अशीच लागते.

पाचवी पायरी: आता नाव

आता खालची ओळ वाचा, आणि ती आरोप समजून वाचा, निकाल नव्हे.

नावं तीन तऱ्हेनं येतात. पूर्ण नाव असतं, किंवा नुसतं मिस, मादाम, मादम्वाझेल आणि आडनाव, किंवा काहीच नाही. स्पेलिंगवर जाऊ नका. पट्ट्या लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं असू शकतं, विशेषतः फ्रेंच आणि पोलिश नावं. हेलेना मोजेस्का या पोलिश नटीच्या मूळ आडनावात अमेरिकन जिभेला न पेलणारी अक्षरं होती, म्हणून ती स्वतःच सुटसुटीत आडनाव लावायची. शिवाय रंगमंचावरचं नाव वेगळं, जन्माचं वेगळं, लग्नानंतरचं आणखी वेगळं. लिलियन रसेल ही जन्मानं हेलन लुईझ लेनर्ड, आयोवातली. लिली लँगट्री मूळची ले ब्रेतॉन, जर्सी बेटावरची. नोंद करताना छापलेलं नाव जसंच्या तसं एका रकान्यात, ठरवलेलं नाव दुसऱ्या रकान्यात.

चेहरा जुळवायचा तर पोशाख आणि केशरचना बाजूला ठेवा, त्या उसन्या असतात. कान बघा. कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, वरची कड जाड की पातळ, हे माणसागणिक बदलतं आणि वयानं फारसं बदलत नाही. मग कपाळावरची केसांची रेष, भुवईचा बाक, हनुवटी. त्या नटीचे सॅरोनी किंवा फॉकच्या शिक्क्याचे, नाव पक्कं असलेले दोन-तीन कॅबिनेट फोटो मिळवा आणि शेजारी ठेवून बघा. एकाच फोटोवरून निकाल देऊ नका. प्रसिद्ध नटीचं नाव असलेलं कार्ड जास्त काळजीनं तपासा, अनोळखी नावाचं कमी चालेल, कारण खोटं नाव द्यायचं तर कुणी अनोळखी देत नाही.

फोटोची तारीख आणि कार्डाची तारीख यांची गल्लत सगळ्यांत जास्त होते. मेरी अँडरसननं १८८९ मध्ये रंगभूमी सोडली आणि १८९० मध्ये लग्न करून ती इंग्लंडात स्थायिक झाली. पण तिचे तरुणपणीचे फोटो बाजारात पुढेही फिरत होते. अ‍ॅडलेड नील्सन तर १८८० मध्ये वारली. तिचा चेहरा १८८८ च्या पाकिटात सापडला तर चक्रावून जाऊ नका. फोटो जुना, कार्ड नवं. कार्डाची तारीख ब्रँड आणि मालिकेवरून काढायची, फोटोची तारीख भूमिकेवरून.

भूमिका शोधायला लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह वापरा. फुकट आहे आणि शब्दानं शोधता येतो. नटीचं नाव आणि साधारण वर्षं टाका, नाटकांच्या जाहिराती निघतील. पोशाखात काही ठळक असेल, उदाहरणार्थ खलाशाची टोपी, तलवार, मेंढपाळणीची काठी, तर त्या नाटकाच्या परीक्षणात त्याचा उल्लेख मिळू शकतो. ब्रॉडवेच्या प्रयोगांसाठी आयबीडीबी हा ऑनलाइन कोशही चांगला आहे, पण तो दौऱ्यावरच्या छोट्या मंडळ्यांपाशी थांबतो, आणि या कार्डांवरच्या कित्येक बायका तशाच मंडळ्यांतल्या होत्या.

एवढं करूनही नाव लागलं नाही तर ‘अज्ञात नटी’ लिहा. अंदाजानं नाव चिकटवू नका. एकदा ते ऑनलाइन गेलं की पुढचे दहा विक्रेते तुमचाच हवाला देतील.

घेताना

त्याच काळातल्या बेसबॉल खेळाडूंची कार्डं, विशेषतः गुडविनची एन १७२ ही ओल्ड जज मालिका, प्रचंड महाग असते. नट्यांची कार्डं तोच कागद, तोच काळ, कधी तोच ब्रँड, आणि तरी फार स्वस्त. नकलांचा धोका म्हणूनच कमी. धोका असतो तो चुकीच्या वर्णनाचा आणि खराब झालेल्या मालाचा.

मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुलं ही कार्डं वहीत चिकटवायची, त्यामुळे मागे वहीच्या कागदाचे तुकडे, डिंकाचे डाग, ओरखडे असतात. थोडं चालतं. पण पुढच्या बाजूला चेहऱ्यावर घडी असेल तर स्वस्त आहे म्हणूनही घेऊ नका, चेहरा हेच तर कार्ड आहे. फिकं पडलेलं अल्ब्युमेन परत गडद होत नाही. विक्रेत्याच्या फोटोत ते फारच काळंभोर आणि करकरीत दिसत असेल तर त्यानं संगणकावर हात फिरवला आहे. मूळ, न सुधारलेला फोटो मागा.

मागे चिकटलेला कागद पाण्यात भिजवून सोडवायचा मोह होतो. छापील कार्डांवर काही जण करतात, फोटोकार्डावर कदापि नाही. बलकाचा थर फुगतो, चिरा वाढतात, फोटो पुठ्ठ्यापासून सुटून सुरळी होतो. चिकटलेला कागद तसाच राहू द्या, तोही कार्डाच्या इतिहासाचाच भाग आहे.

परदेशातून मागवताना दोन पुठ्ठ्यांमध्ये आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवायला सांगा. जून ते सप्टेंबर मागवणं टाळा, पोस्टाचं पाकीट कुठल्या गोदामात किती दिवस ओलं पडेल सांगता येत नाही. कस्टमचा खर्च किमतीत आधीच धरा.

आपल्या हवेत सांभाळणं

परदेशी पुस्तकांतला सल्ला हवेत ३० ते ५० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीसाठी असतो. आपल्याकडे मुंबईत, रत्नागिरीत, मडगावात जुलैमध्ये ही अपेक्षा करणं म्हणजे विनोद आहे. जिलेटिन असो की अल्ब्युमेन, दोन्ही बुरशीचं आवडतं खाद्य. म्हणून आपली व्यवस्था आपणच लावायची.

प्रत्येक कार्डाला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची स्वतंत्र पाकिटी. मऊ, वासाच्या पीव्हीसीच्या पाकिट्या नकोत, त्या काही वर्षांत चिकट होतात. पाकिट्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवा. ते खोकं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या. रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये सुकवून परत घालता येतात. कार्डांना पुडीचा थेट स्पर्श होऊ देऊ नका. डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवलात तर अंदाजानं चालावं लागत नाही. आकडा अगदी खाली आणायच्या मागेही लागू नका, फार सुकलं की अल्ब्युमेनच्या चिरा वाढतात आणि कार्ड वाकतं.

बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट सगळ्यात वाईट जागा. पावसाळ्यात त्याची पाठ आतून ओली होते. घरातल्या मधल्या भिंतीवरचं लाकडी कपाट बरं, पण वाळवी तपासून. कसरीला पुठ्ठा आणि खळ दोन्ही आवडतात. डांबराच्या गोळ्या किंवा कापूर आत टाकू नका, त्यांच्या वाफेनं फोटो आणि प्लॅस्टिक दोन्ही बिघडतात. दर दोन महिन्यांनी डबा उघडून बघणं हा खरा उपाय.

वाकलेलं कार्ड जाड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नका, बलकाचा थर तडकतो. आणि फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर स्कॅनची प्रत लावा. अल्ब्युमेनला उजेड सोसत नाही, ट्यूबलाइटचासुद्धा.

स्कॅन आणि नोंद

कार्ड घरात आलं की एकदाच चांगलं स्कॅन करा, म्हणजे पुन्हा पुन्हा हाताळावं लागणार नाही. १२०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, टिफ फाइल. कृष्णधवल स्कॅन केलंत तर तपकिरी छटा आणि पिवळेपणा, म्हणजे ओळखीच्या निम्म्या खुणा, जातात. कडेला मिमीची पट्टी ठेवा. वाकलेलं कार्ड झाकणानं दाबायचं नाही, त्याचा वरून कॅमेऱ्यानं फोटो घ्या.

नोंदवहीत एवढं हवं: कंपनी, ब्रँड, एन क्रमांक आणि उपप्रकार, माप, कागदाचा प्रकार, मागच्या बाजूचा मजकूर, छापलेलं नाव, ठरवलेलं नाव, आणि ते कशावरून ठरवलं. हा शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा ठेवा. ‘चेहरा जुळतो’ एवढं पुरत नाही. कुठल्या फोटोशी, कुठल्या खुणेवरून, ते लिहा. कार्डावर मात्र काही लिहू नका, पेन्सिलीनंही नाही.

आणखी एक. भारतात शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आहेत. तुमचं कार्ड परदेशातून आलेलं असलं तरी खरेदीची पावती, पाठवल्याचं पाकीट आणि कस्टमचा कागद फेकून देऊ नका. पुढे कधी ते कार्ड परत बाहेर विकायचं ठरलं, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा आणि मगच पोस्टाची पायरी चढा.